थोरलीकडचा मुक्काम

"मी आपली संध्याकाळच्या गाडीने निघते."

धाकटीचे हे वाक्य ऐकले नाही, असा एकही नातेवाईक तिला नसेल. लग्नघर असो, आजारपण असो, कुणी नवी खोली घेतलेली असो, दुपारची जेवणे आटोपली की ती कापडी पिशवीचे बंद ओढून सारखे करायची आणि हे वाक्य म्हणायची. म्हणायची इतक्या मऊपणे, की आग्रह करणाऱ्यालाच ओशाळल्यासारखे व्हावे. लोक म्हणायचे, घरकोंबडी आहे. काही म्हणायचे, शिष्ट आहे, हिला दुसऱ्याच्या अंथरुणावर अंग टाकवत नाही. धाकटी ऐकून घ्यायची. शिष्ट म्हटलेले तिला चालत होते. खरे कारण चारचौघांत बोलले जाण्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेणे केव्हाही बरे.

धाकटी हे काही तिचे नाव नव्हे. दोघी बहिणींतली ही लहान. लग्न होऊन आमच्या गल्लीत आली, तेव्हा तिची मोठी बहीण तिला भेटायला यायची, आणि गल्लीच्या तोंडापासूनच "धाकटे, ए धाकटे" अशी हाक देत यायची. ती हाक गल्लीने उचलली. पुढे केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी ती धाकटीच राहिली. कोपऱ्यावरचा दुकानदार तिला धाकटी म्हणायचा, आणि त्याचा नातूही म्हणायचा.

दोघींची आई लवकर गेली. बाप सुतारकाम करायचा, दिवसभर बाहेर. तेव्हा थोरलीनेच धाकटीला वाढवले, आणि वाढवले म्हणजे काय, स्वतःही तिच्याबरोबरच वाढली. एक खोली, एक अंथरूण, एकच पांघरूण. निजताना थोरली तिच्या पाठीवर बोटाने चित्र काढायची आणि धाकटीने ते ओळखायचे.

"घर."

"चूक. हत्ती."

"हत्तीला दार कुठून आलं?"

"माझा हत्ती आहे, मी त्याला खिडकी पण काढीन."

अशी भांडता भांडता धाकटी झोपी जायची. तशी झोप पुन्हा कधी लागली नाही, असे ती म्हणायची. आम्हाला वाटायचे, सगळेच म्हणतात तसे म्हणते आहे. ती मात्र अगदी शब्दशः खरे सांगत होती.

चेहरा दोघींनाही बापाचा. रुंद कपाळ, सरळ नाक, आणि खाली हनुवटी जवळजवळ नाहीच. ओठाखालून चेहरा थेट गळ्यात उतरलेला. थोरली म्हणायची, "आपली तोंडं घडवता घडवता देव हनुवटीपाशी आला आणि जेवणाची सुट्टी झाली." ती सुट्टी धाकटीला किती महागात पडणार होती, हे तेव्हा कुणाला माहीत!

पहिल्या बाळंतपणानंतर धाकटी घोरायला लागली. साधेसुधे नाही. अंगाने ती वेताच्या काठीसारखी, पण आवाज एखाद्या पैलवानाचा. नवरा पाणीपुरवठ्याच्या खात्यात फिटर होता. मनाने चांगला, पण जीभ सैल. दोन-चार महिने त्याने कानांत कापूस घातला, मग आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. तेवढ्यावर थांबता तर काय बिघडले असते? पण पुतण्याच्या लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या, कुणीतरी विचारले, काय हो, घरी पाण्याचं बरं आहे ना? हा म्हणाला, "आमच्या घरी रात्रभर पंप चालू असतो. पाणी मात्र थेंबभर येत नाही." आणि डोळ्याने बायकोकडे खूण केली. सगळी पंगत हसली. त्या रात्री पाहुण्या बायका एका मोठ्या खोलीत ओळीने झोपल्या. सकाळी तोंड धुताना एक म्हातारी आत्या म्हणाली, "कुणाला झोप लागली का गं रात्री?" सगळ्यांनी फक्त मान वळवून धाकटीकडे पाहिले.

त्या सकाळपासून ते संध्याकाळच्या गाडीचे वाक्य सुरू झाले.

गल्लीला ठाऊक झाले, सासरला ठाऊक झाले, पण थोरलीला तिने कळू दिले नाही. थोरली दुसऱ्या गावी दिलेली. तिचा नवरा पोस्टमन. थोरलीच्या मनात आपण तिच्या दंडावर डोके ठेवून गप्पकन झोपणारी पोर आहोत, हे धाकटीला माहीत होते. जगाच्या मनात ती घोरणारी बाई होती. निदान एका माणसाच्या मनात तरी ती पोर शिल्लक राहावी, एवढेच तिला वाटे. म्हणून थोरलीकडेही ती सकाळी जायची, दिवसभर पोटभर बोलायची, आणि संध्याकाळच्या गाडीने निघायची. थोरली रुसायची, बडबडायची, "माझ्या घरात काय ढेकूण आहेत?" म्हणायची, आणि तरी थांब्यापर्यंत सोडायला यायची.

मग थोरलीचा नवरा गेला. सायकलवरून घरी आला, पाणी मागितले, आणि पाणी येईपर्यंत संपला.

धाकटी पहिल्या गाडीने पोचली. दिवसभर ती थोरलीला चिकटून बसली. थोरली रडली नाही, बोलली नाही; कुणी समोर धरले तर घोटभर चहा प्यायची आणि कप कुठे ठेवायचा ते विसरायची. ऊन उतरले, तेव्हा तिने पहिल्यांदा तोंड उघडले. धाकटीचे मनगट धरले आणि म्हणाली, "आज राहा."

घर माणसांनी भरलेले होते. बायका एकाच खोलीत झोपणार होत्या, आणि त्यांच्या मधोमध थोरली. धाकटीच्या डोळ्यांसमोर ती खोली उभी राहिली. काल जिथे एका माणसाचा श्वास संपला, तिथे आज अंधारात आपला तो आवाज. सगळ्या बायका उशीवरून डोके उचलून पाहताहेत, आणि थोरलीला रडायचे आहे, पण आपल्या आवाजाने तिला रडूही येत नाही. तिच्या तोंडून नेहमीचे वाक्य निघून गेले.

मनगटावरची बोटे सुटली.

"जाऊ दे गं तिला," थोरली दुसऱ्याच कुणालातरी म्हणाली. "तिची गाडी चुकेल."

जागी राहून रात्र काढली असती तर? हे तिला गाडीत बसल्यावर सुचले. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली असती, डोळ्याला डोळा लागू दिला नसता. पण तिला स्वतःची खात्री नव्हती. त्या दिवसांत ती कामावर तराजूत बटणे तोलून घेताना झोपायची, उभ्या उभ्या झोपायची.

पुढे तिने फोन केले, थोरलीने उचलले नाहीत. महिन्याभराने ती स्वतः गेली. थोरलीने दार उघडले, पाहुण्यांच्या कपात चहा दिला, आणि सूर्य डोक्यावर असतानाच म्हणाली, "निघ आता. गाडी चुकेल तुझी." त्यानंतर धाकटी गेली नाही. वर्षे गेली. कामावरून परतताना थांब्यावर त्या गावाची पाटी लावलेली गाडी उभी दिसली, की ती दोन पावले हळू व्हायची. गाडी सुटेपर्यंत उभी राहायची, आणि मग घरी यायची.

आता कामाचे सांगतो. गावाबाहेर शिवणाचा कारखाना आहे. तिथे इस्पितळांचे आणि शाळांचे कपडे शिवले जातात. धाकटी काजे-बटणांच्या टेबलावर. यंत्राने काज पाडले तरी शेवटचा टाका हाताने आवळावा लागतो, आणि दोरा तोडावा लागतो. त्या टेबलावरच्या बायका दोरा दाताने तोडतात. कात्री उचला, कापा, ठेवा, एवढा वेळ कुणाला असतो? तोंड खाली, टच, पुढचे काज. मुकादमीण रोज कात्र्या वाटायची आणि रोज तशाच परत गोळा करायची. धाकटीचे पुढचे दात या कामात इतके तयार झालेले, की दोरा कापडाला लागून तुटायचा, शेपूट उरायचे नाही.

पण बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. एक दिवस बटणाच्या यंत्रावर लागला. सुई नखातून आरपार गेली. ओरडणे ऐकून मुकादमीण धावली, रक्ताळलेले बोट फडक्यात गुंडाळून तिला दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिने बोट धुतले, टाका घातला, आणि वर पाहते तो काय, पेशंट खुर्चीत झोपलेली.

"अहो बाई! टाका घालताना लोक किंचाळतात, तुम्ही झोपलात?"

धाकटी दचकून म्हणाली, "नाही, डोळे मिटले होते नुसते."

डॉक्टरीण तिच्या चेहऱ्याकडे बाजूने पाहू लागली. मग म्हणाली, "आ करा." आत दिव्याचा उजेड टाकला. "रात्री घोरता का?"

"नाही."

"घोरतात," मुकादमीण म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवतात ना, तेव्हा यंत्रं बंद असतात. आम्हाला सगळ्यांना ऐकू येतं."

धाकटीने मुकादमिणीकडे पाहिले. इतकी वर्षे झाली, कारखान्यात कुणी एका शब्दाने हसले नव्हते. तिला वाटत होते, तिथे तरी कुणाला माहीत नाही.

मग मोठ्या इस्पितळातल्या खेपा सुरू झाल्या. डोक्याला, छातीला, नाकाशी तारा चिकटवून तिला एक रात्र झोपवले. निकाल सांगताना डॉक्टर म्हणाले, हे नुसते घोरणे नाही. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, जीव घाबरून अर्धवट जागा होतो, श्वास घेतो, पुन्हा झोपतो, पुन्हा मिटतो. रात्रभर हेच. म्हणजे झोप नाहीच. आणि हे असेच चालू राहिले, तर हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. पहिला उपाय म्हणून नाकावर मुखवटा बांधून हवा आत ढकलणारे यंत्र दिले. पुष्कळांना ते मानवते. हिला नाही. मुखवटा हनुवटीच नसलेल्या चेहऱ्यावर ठरेना, हवा डोळ्यांत जायची, आणि झोपेत ती स्वतःच तो ओरबाडून काढायची. सकाळी खाटेखाली सापडायचा. कित्येक महिने तिने नेटाने लावून पाहिला. शेवटी तिला जबड्याच्या डॉक्टरांकडे पाठवले.

ते डॉक्टर म्हणजे उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी समजावले, "खोली लहान आहे आणि सामान मोठ्या घराचं. तुमचा जबडा मागे आहे, जिभेला जागा नाही. झोपलात की ती मागे सरकते आणि श्वासाच्या वाटेत आडवी पडते. वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे कापून पुढे घ्यायचे आणि पट्ट्या-स्क्रूंनी बसवायचे. वाट मोकळी होते."

"मग मी घोरणार नाही?"

"मुख्य म्हणजे श्वास अडणार नाही. हृदयावरचा ताण—"

"ते कळलं. घोरणार नाही ना?"

"बहुतेक नाही. शंभर टक्के कुणीच सांगू नये."

"दुसऱ्याच्या घरी राहता येईल?"

असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "कुणाच्या घरी राहायचंय?"

"बहिणीच्या."

"तर मग प्रयत्न करू," ते म्हणाले. आणि बाकीचेही सांगितले, लपवले नाही. ओठ आणि हनुवटी बधिर होतील, काहींना ती बधिरता कायमची राहते. चेहरा बदलेल. आधी वर्षभर दातांना तारा लावाव्या लागतील.

घरी नवरा भडकला. "एवढी कापाकापी कशासाठी? घोरण्यासाठी? मी कधी तक्रार केली?"

"तुम्ही अख्ख्या गावाला सांगितलंत. तक्रार करायची कुठे राहिली होती?"

संध्याकाळी तो उगाचच मोरीतला चांगला नळ उघडून बसवत बसला. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खेपेला तो बरोबर जायला लागला.

तारा लावल्या, तेव्हा कारखान्यात चेष्टेला ऊत आला. "शाळेत नाव घातलंस का गं?" "वेण्या घाल आता, दोन!" धाकटी हसायची, आणि हसताना तारा लपवायला तोंडावर हात धरायची. कात्रीही तेव्हाच तिच्या हाती आली. तारांत दोरा अडकायचा. सवय अशी वाईट, की तोंड आधी खाली जायचे, मग आठवण व्हायची.

शस्त्रक्रियेबद्दल ती फारसे सांगायची नाही. शुद्धीवर आले तेव्हा तोंड भोपळ्याएवढे, एवढेच. वरचे-खालचे दात रबरांनी एकमेकांना बांधलेले, कित्येक आठवडे फक्त पातळ. नवरा वरण शिजवायचा, फडक्यातून गाळायचा, पुन्हा गाळायचा. पाण्याच्या पाइपांत आयुष्य गेलेला माणूस, पेल्याला नळी लावून बायकोला भरवायचा आणि म्हणायचा, "सांग, प्रेशर बरोबर आहे का?" ती हसायची नाही, हसले की ठणकायचे. ती त्याच्या मनगटावर चापट मारायची.

सूज उतरली आणि आरशात दुसरीच बाई आली. दिसायला वाईट नव्हती. उलट गल्लीतल्या बायका म्हणाल्या, वय कमी झालं. चांगली हनुवटी, ठसठशीत. पण धाकटी आरशाशी बराच वेळ उभी राहायची. बापाचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. बाप पाहायचा झाला, तर ती आजवर आरशात पाहायची. आता तो फक्त थोरलीच्या चेहऱ्यावर राहिला होता, आणि थोरलीने दार लावून घेतलेले.

सहा महिन्यांनी पुन्हा तारा चिकटवून झोपवले. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि मान हलवली, चांगल्या अर्थाने. नवऱ्याने गादी आतल्या खोलीत आणली, आणि सकाळी गल्लीभर सांगत सुटला की शांततेने मी इतका घाबरलो, की उठून हिच्या नाकाशी हात धरून पाहिला. या वेळी धाकटी त्याच्यावर रागावली नाही. तिने पिशवी भरली. आणि जी कधी धरली नव्हती ती दुपारची शेवटची गाडी धरली, जी तिथे पोचेपर्यंत परत येणारी सगळी वाहने निघून गेलेली असतात.

थोरली एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, माडीवर राहायची. दार उघडून ती नुसती पाहत राहिली.

"कोण हवंय?"

"थोरले, मी."

आवाज ओळखीचा, तोंड परके. थोरली पुढे झाली, मग मागे झाली. "हे काय करून घेतलंस? आपल्या घरचं तोंड कुठे टाकून आलीस?"

"आत येऊ का?"

"ये की. तुझी गाडी असेल ना आता?"

"गेली. शेवटचीही गेली."

थोरलीने पिशवीकडे पाहिले. पिशवी भरलेली होती. ती बाजूला झाली. धाकटी आत आली, भिंतीशी बसली, आणि श्वासही न घेता सगळे बोलून गेली. लग्नातली पंगत, ती म्हातारी आत्या, बाहेरच्या खोलीतली नवऱ्याची गादी, आणि ती संध्याकाळ. "तुझ्या त्या रात्री मला ते आवाज काढायचे नव्हते, ताई. तुझ्या घरात, त्या दिवशी. म्हणून गेले."

थोरली तिच्यासमोर खाली बसली.

"घोरतेस म्हणून गेलीस?"

"हो."

"घोरतेस म्हणून?" तिचा आवाज चढला. "मी इथे काय काय समजत बसले. तुला माझ्या दुःखाचा कंटाळा आला, तुला विधवेच्या घरात झोपायची भीती वाटली, काय वाटेल ते. आणि तू घोरतेस म्हणून? अगं मूर्ख, मला त्या रात्री कसलातरी आवाज हवा होता. कसलाही. त्या सगळ्या बाया-बापड्या इतक्या गप्प झोपल्या होत्या, की मला वाटलं मीही मेले." ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे तोंड वाकडे झाले. "ये इकडे. दाखव काय कापलं ते." तिने धाकटीची हनुवटी चिमटीत धरली. "दुखतं?"

"कळतच नाही. बधिर आहे."

"म्हणजे मी आता तुझे गाल ओढले तरी चालतील."

"गाल कळतात! हनुवटी कळत नाही."

त्या रात्री दोघी एका अंथरुणावर झोपल्या. बोलायचे पुष्कळ होते, पण थोरली पोस्टातल्या पेन्शनचे काहीतरी सांगत असताना धाकटीला झोप लागली, आणि उन्हे अंगावर आली तेव्हाच ती उठली. थोरली चूल पेटवून बसली होती. "मेल्यासारखी झोपलीस," ती म्हणाली. "काही आवाज नाही की काही नाही. उगीच कापून घेतलंस. जरा घोरली असतीस तर मला चिडवायला झालं असतं."

धाकटी अंथरुणावर तशीच बसून राहिली. कुणाच्या तरी घरात सकाळ झाली होती आणि कुणी तिच्याकडे मान वळवून पाहत नव्हते. तिला वाटले, आता काही मागायचे उरले नाही.

दुपारी जेवण झाले, भांडी विसळून झाली. थोरली "जरा पाठ टेकते" म्हणून चटईवर आडवी झाली. धाकटी खिडकीशी बसून थोरलीच्या एका कपड्याची सुटलेली बटणे लावू लागली. थोड्या वेळाने एक आवाज सुरू झाला. तिला वाटले, खाली दुकानात कुणी चाकात हवा भरते आहे. पण आवाज खालून येत नव्हता. चटईवरून येत होता. खडबडीत, ओढलेला, भिंतीला जाऊन लागणारा.

मग तो थांबला.

धाकटीने सुई खाली ठेवली. थोरलीचे पोट वर-खाली होत होते, छाती धडपडत होती, पण नाका-तोंडातून काही ये-जा नव्हती. बंद दाराला आतून कुणी खांदा देत राहावे, आणि दार हलू नये, तसे. चेहरा काळवंडला. धाकटी उठून तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. स्वतःबद्दल तिने हे सगळे ऐकले होते, कागदावर रेघांत पाहिले होते. डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. यात हसण्यासारखे काय होते, हे तिला कळेना. एकदाचा श्वास फुटून बाहेर आला, थोरलीचे सबंध अंग उचलले गेले, आणि पुन्हा तो आवाज सुरू झाला.

"ताई, ऊठ. ऊठ आधी."

"काय झालं? दूध उतू गेलं?"

"तू घोरतेस."

"मी? काहीतरीच."

"घोरतेस, आणि तुझा श्वास अडतो. आत्ता अडला होता. मी पाहिलं."

"झालं!" थोरली उठून बसली. "स्वतःचा जबडा कापून आलीस, आता दिसेल त्याचा जबडा कापत सुट. मी आयुष्यात कधी घोरले नाही."

"तुला कसं कळणार? झोपलेल्या माणसाला कळत नाही. सकाळी डोकं दुखतं का? दिवसा पेंग येते?"

"या वयात कुणाचं दुखत नाही? अगं, मी घोरत असते तर कुणीतरी बोललं असतं की नाही? माझ्याशेजारी एक माणूस लग्नापासून झोपत होता. त्याने सांगितलं नसतं?"

धाकटीने लुगड्यावरचा दोऱ्याचा तुकडा झटकला.

"सांगितलं नसतं?" थोरलीने पुन्हा विचारले. पण आता ती धाकटीकडे पाहत नव्हती.

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून पाहत होते, एकदा, दोनदा.

"वाटप संपवून दुपारी घरी यायचे," थोरली हळू आवाजात म्हणाली, "आणि खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढायचे. हातातला घास हातात. मी म्हणायचे, रात्रभर काय दगड फोडता का? माझ्या नशिबी झोपाळू माणूस आला, असं शेजारणीला सांगायचे. त्यांच्यासमोर." ती थांबली. "ते नुसते हसायचे. कधी म्हणायचे, तुझी झोप गाढ आहे, बरं आहे. एवढंच. तुझी झोप गाढ आहे."

"ताई."

"कधी पहाटे जाग आली, तर त्यांचा हात माझ्या खांद्याखाली असायचा. कुशीवर वळवत असायचे मला. मी झटकून टाकायचे. मला वाटायचं..." काय वाटायचे ते तिने सांगितले नाही. तिने पदराने तोंड पुसले, चटईची निसटलेली काडी आत खोचली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा खोचली. मग म्हणाली, "आता कुणाला विचारू मी?"

धाकटी तिला चिकटून बसली, आणि संध्याकाळ होईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. दिवा लावायला उठताना थोरलीने विचारले, "मलाही कापतील?"

"आधी तपासतील. पुष्कळांना यंत्र पुरतं. तुला पुरेल कदाचित."

"आणि पुरलं नाही तर?"

"तर दोघींची तोंडं पुन्हा सारखी होतील."

थोरली हसली नाही, पण तिने धाकटीच्या डोक्यात टपली मारली. "तू थांबशील तोवर?"

"थांबते. यांना फोन करते, म्हणते, तुमचं तुम्ही गाळून प्या."

सकाळी दूध नव्हते. धाकटीने फळीवरची किटली उतरवली, चपला घातल्या आणि जिना उतरली. थोरली गॅलरीत आली.

"डावीकडच्याकडून घे!" ती वरून ओरडली. "उजवीकडचा पाणी घालतो!"

धाकटीने मागे न पाहता किटली वर करून दाखवली. खाली सायकलवाला दुकानाची फळी काढत होता. त्याने वर पाहून विचारले, "कोण हो पाहुण्या?"

"माझी बहीण."

"राहणार आहेत?"

"हो," थोरली म्हणाली.

सायकलवालाही फळी हातात धरून क्षणभर पाहत राहिला. धाकटी घाई न करता, रस्त्याच्या कडेने, ओल्या फरशा चुकवत गेली, डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. त्याने फळी आत ठेवली आणि कामाला लागला. थोरली गॅलरीतच होती, दोन्ही हातांनी कठडा धरून, तिची वाट पाहत.